दातांच्या कण्या

पार्कसाइटच्या हेल्थ पोस्टमध्ये, गुरुवारी,
लसीच्या रांगेतून उठवून मी त्यांना चटईवर बसवते.
माझ्याकडे एक रबराची बाहुली आहे.
तिला तोंड आहे, पण ते उघडत नाही.
म्हणून हिरड्या मी तळहातावर काढते,
बॉलपेननं, एक कमान.

"मावशी, दातच नाहीत त्याला, पुसायचं काय?"
हर्षला हसते. मग सगळ्याच हसतात.
बोळकं पुसायचं, मी म्हणते.
ताट आपण जेवण वाढायच्या आधीच धुतो ना?
उकळून गार केलेलं पाणी, मऊ फडकं,
बोटाला गुंडाळून, हळू.
मध्येच ते तुमचं बोट चोखायला लागेल,
तेव्हा थांबा जरा. चोखू द्या.

बाटली तोंडात ठेवून झोपवू नका,
साखरेची तर मुळीच नाही.
मध चाटवू नका, अगदी माहेरून आलेला असला तरी.
अकरा वर्षं सांगतेय हे,
दातांच्या कण्या करून.
त्या माना डोलावतात,
डोळे मात्र सिस्टरच्या सुईकडे.

एक गोष्ट मी चटईवर सांगत नाही.
चेनच्या कारखान्यात पॅकिंगला होते मी, रात्रपाळी.
विनयच्या तोंडात साखरेची बाटली देऊन निघायचे.
शेजारीण म्हणायची, गुणी आहे हो तुझा, रडत नाही.
दीड वर्षाचा झाला आणि पुढचे चार
तपकिरी, मग काळे, मग नुसत्या खुंट्या.
दुधाचेच तर आहेत, पडतील, म्हणाले सगळे.
पडले. नवे आले, चांगले आले,
एका ओळीत.
तरी सत्तावीस वर्षांचा बाप्या
अजून हसताना तोंडावर हात धरतो.
लग्नाच्या फोटोतसुद्धा.

त्या दिवशी सगळ्या गेल्या, मोनाली मागे राहिली.
जतकडची, विशीची, फार बोलत नाही.
तिनं उजवी तर्जनी पुढे केली.
टोकाशी काळी,
नखाच्या कडेला मशेरी बसलेली.
"ह्ये बोट चालंल का?"

मी लगेच काही बोलले नाही.
माझ्या बोटाचा तो डाग जायला चार वर्षं लागली होती,
आणि दोन दाढा.
साबण दिला. नळाशी दोघी उभ्या राहिलो.
पाणी करंगळीएवढं येत होतं.
घासून घासून बोट लाल झालं, काळं तिथंच.
"डाव्या हाताचं घे," मी म्हटलं, "तोवर."
"डावा हात? तोंडात?"
"धुतलेला हात गं. डावा काय न् उजवा काय."
"तोवर म्हंजे कधीवर?"
ते काही मला सांगता आलं नाही.

गोवरच्या लसीला आली ती सासूला घेऊन.
सासू दारातूनच तणतणत:
वरचा दात आधी आलाय, मामाच्या मुळावर उठलंय पोर,
तुमच्या त्या फडक्यानंच झालं असंल!
मी बाळाचा ओठ वर केला.
वरच्या हिरडीत एक पांढरी कणी,
तांदूळ निवडताना सुपात मागं राहते तेवढी.
"पेस्ट एवढीच लावायची," मी म्हटलं, "ह्या दाताएवढी.
आणि मामाला कळवा,
सगळ्यात छोटा ब्रश घेऊन भाच्याला भेटायला ये.
तेवढंच संकट आहे त्याच्यावर."

सासू हसली नाही.
पण पिशवीतून चमचा काढला, आणि कुणी बघत नाहीसं पाहून
दातावर हळूच वाजवला.
टक्.
पुन्हा एकदा. टक्.

मोनाली बाळाचं तोंड पुसत होती, डाव्या बोटानं.
ते चावलं असावं, ती "आई गं" म्हणाली.
मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते.
बोट काळंच होतं.
नखापाशी जरा उजळ,
की मलाच तसं वाटलं.